दुसरे घर, भाडे आणि ताबा

गुंतवणूक म्हणून घेतलेल्या दुसऱ्या घरामागे बहुतेक वेळा दोन आशा असतात. दरमहा भाडे येत राहील ही एक, आणि दहा-पंधरा वर्षांत किंमत बरीच वर जाईल ही दुसरी. किमतीबद्दल आज कोणी खात्री देऊ शकत नाही. भाड्याचा हिशेब मात्र खरेदीच्या आधी कागदावर मांडता येतो, आणि नेमका तोच मांडायचा राहून जातो.

पुण्याच्या एखाद्या उपनगरातला 80 लाखांचा टू बीएचके उदाहरणादाखल घेऊ. मुद्रांक शुल्क 7 टक्के म्हणजे 5 लाख 60 हजार. नोंदणी फी 30 हजार. त्यावर दलाली, वकिलाची फी, पंखे, गीझर, कपाटे आणि स्वयंपाकघराची मांडणी धरली की भाडेकरू आत येईपर्यंत घर 88 लाखांच्या आसपास पडते. भाडे 22 हजार मिळाले तर वर्षाला 2 लाख 64 हजार होतात, म्हणजे गुंतवलेल्या रकमेवर 3 टक्के. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स दरमहा साडेतीन हजार, मालमत्ता कर वर्षाला दहा हजार, रंगकाम आणि नळदुरुस्तीसाठी पंधरा हजार, आणि दोन भाडेकरूंच्या मधला एक रिकामा महिना वजा केला की हातात पावणेदोन लाख उरतात. परतावा 2 टक्क्यांवर आला, आणि त्यावरचा प्राप्तिकर अजून धरलेलाच नाही. हेच घर 60 लाखांचे कर्ज काढून साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले असेल तर महिन्याचा हप्ता सुमारे 52 हजारांचा असतो. ‘भाड्यातून हप्ता फिटेल’ हे वाक्य विक्री कार्यालयात रोज ऐकू येते. या हिशेबात भाड्यातून हप्त्याचा तिसरा हिस्साही निघत नाही. उरलेले साडेसदतीस हजार दरमहा पगारातूनच जातात. हा भार नोकरी गेली किंवा घरात आजारपण आले तरी किमान सहा महिने पेलण्याची तयारी नसेल, तर ती खरेदी गुंतवणूक म्हणून करू नये.

हिशेब जमल्यावर पाळी येते कागदांची. वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमधल्या इमारतींवर मंजुरीपेक्षा कितीतरी जास्त मजले चढवले गेले. त्या मजल्यांवर कुटुंबे दोन दशकांहून अधिक काळ राहिली. तरीही 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या बांधकामाला संरक्षण नाकारले. अनेक वर्षांचा वापर, भरलेला कर, वीजजोडणी, बँकेने दिलेले कर्ज यांपैकी कशानेही बेकायदा मजला कायदेशीर होत नाही. कल्याण-डोंबिवलीचे प्रकरण याहून अलीकडचे आहे. तिथे बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराची, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाची, नोंदणी मिळवली गेली. अशा 65 इमारतींवर हातोडा चालवण्याचा आदेश 2024 मध्ये उच्च न्यायालयाने दिला. जाहिरातीवर महारेरा क्रमांक दिसला की चौकशी संपली, असे मानणाऱ्यांनी हे प्रकरण लक्षात ठेवावे. महारेराच्या संकेतस्थळावर बांधकाम सुरू करण्याचा दाखला, मंजूर नकाशे, जमिनीच्या हक्काबाबतचा वकिलाचा अहवाल, जमिनीवरचा बोजा आणि चालू खटले ही माहिती असते. ती उतरवून घ्यावी. मग बांधकाम परवानगीचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात जावे आणि ती परवानगी खरोखर त्याच सर्व्हे नंबरवर, तेवढ्याच मजल्यांसाठी दिली होती का, हे विचारावे. यात एक दिवस जातो. ज्यात आयुष्यभराची बचत घालायची, त्या व्यवहारासाठी एक दिवस जास्त नाही.

रेरा कायदा 2016 चा. महाराष्ट्रात त्याचे प्राधिकरण 1 मे 2017 पासून काम करते. गुंतवणूकदाराच्या उपयोगाच्या त्यातल्या तरतुदी थोड्याच आहेत, पण नेमक्या आहेत. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशातले 70 टक्के जमीन आणि बांधकाम यांसाठी वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. विक्री चटई क्षेत्रावरच होते. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरने तो स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो. ताबा रखडला तर ग्राहक पैसे व्याजासह परत मागू शकतो किंवा प्रकल्पात राहून प्रत्येक महिन्याचे व्याज मागू शकतो. मात्र ताबा रखडल्यावरचे हे हक्क करारातल्या ताब्याच्या तारखेवर अवलंबून असतात. सही करण्यापूर्वी ती तारीख आणि तिला जोडलेल्या सवलतींची कलमे ओळीने वाचावीत.

‘ताब्यापर्यंत हप्ता आम्ही भरू’ या योजनेबाबत विशेष सावध राहावे. कर्ज ग्राहकाच्या नावावर असते. बिल्डरने हप्ते थांबवले की बँक ग्राहकाच्याच दारी येते आणि त्याचा पतदर्जा घसरतो. दुकानाच्या गाळ्यांवर ठरावीक टक्के ‘खात्रीचे भाडे’ देणाऱ्या योजनांचे अर्थकारणही तसेच. ते भाडे बऱ्याचदा वाढवून लावलेल्या किमतीतूनच परत दिलेले असते. योजना संपल्यावर त्या गाळ्याला बाजारात किती भाडे येते, याची चौकशी शेजारच्या दोन दुकानदारांकडे आधीच करावी.

जुने घर घेताना प्रश्न वेगळे असतात. पहिल्या खरेदीपासून आजच्या मालकापर्यंतचे सर्व नोंदणीकृत करार, प्रत्येकाची इंडेक्स टू, भाग प्रमाणपत्र, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र यांपैकी एक कागद जरी नसला, तरी त्याचे कारण लेखी मिळाल्याशिवाय टोकन देऊ नये. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. मालक वारला असेल आणि विकणारा ‘मी नॉमिनी आहे’ म्हणत असेल, तर तेवढ्यावर खरेदी करू नये. नॉमिनेशनमुळे सोसायटीच्या दप्तरी नाव लागते, पण वारसांचा हक्क संपत नाही. इतर वारसांचे नोंदणीकृत हक्कसोडपत्र मागावे, किंवा सर्वांच्या सह्या खरेदीखतावर घ्याव्यात. नुसत्या मुखत्यारपत्रावर घर विकत घेणे आणखी धोक्याचे आहे. अशा व्यवहाराने मालकी मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच सांगितले आहे.

पुनर्विकासाच्या आशेने जुन्या इमारतीत घर घेणाऱ्याने सोसायटीच्या सचिवाला पहिला प्रश्न विचारावा तो कन्व्हेयन्सचा, म्हणजे जमिनीच्या अभिहस्तांतरणाचा. जमीन अजून मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर असेल तर पुनर्विकासाची बोलणी वर्षानुवर्षे बैठकांच्या इतिवृत्तातच अडकून पडतात. मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग कायद्यात आहे, पण तो कोणीतरी चालून जावा लागतो. त्याखेरीज समोरचा रस्ता किती रुंद आहे आणि भूखंड किती मोठा आहे, हे पाहावे. वाढीव बांधकाम किती मिळणार हे बऱ्याच अंशी या दोन गोष्टींवर ठरते.

जमिनीच्या बाबतीत, विशेषतः कोकणात, फसवणुकीपेक्षाही अपुऱ्या चौकशीने पैसे जास्त बुडतात. ‘समुद्रापासून दहा मिनिटांवर’ असलेल्या तुकड्याचा सात-बारा काढला की त्यावर पंधरा-वीस नावे निघतात. काही मुंबईत, काही बडोद्यात, काहींचा पत्ताच नाही. एका सहहिस्सेदाराने सही केली तर खरेदीदाराला मिळतो तो त्याचा अविभक्त हिस्सा. दाखवलेला, दगड लावलेला तुकडा त्यात मिळत नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचे नाव, बँकेचा बोजा किंवा खाजगी वनाची नोंद असू शकते. भोगवटादार वर्ग दोनची जमीन सरकारच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला घ्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. शेतजमीन शेतकरी नसलेल्याला सर्वसाधारणपणे घेताच येत नाही. एक-दोन गुंठ्यांचे तुकडे करून विकण्यावर तुकडेबंदीच्या कायद्याची बंधने आहेत. सरकारने त्यात वेळोवेळी सवलती दिल्या, म्हणून प्रत्येक तुकडा सवलतीत बसतो असे नाही. शेवटी किनाऱ्यालगतच्या जमिनीला सीआरझेडची, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राची, रेषा आहे. तिच्या आत जमीन मालकीची झाली तरी घर बांधता येईलच असे नाही. सात-बारा, सर्व फेरफार, मोजणीचा नकाशा, झोन दाखला आणि जमिनीपर्यंतचा कायदेशीर रस्ता या पाच गोष्टी हातात आल्यावरच किमतीची बोलणी सुरू करावी.

घर हाती आले की गुंतवणूकदार घरमालक होतो आणि जुन्या भीतीचा वारसदारही होतो. 1947 च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीशी बांधली. पागडीच्या चाळींतली भाडी शंभर-दोनशे रुपयांवर राहिली, ती यामुळेच. त्यातून सुटका म्हणून मालकांनी लिव्ह अँड लायसन्सचा मार्ग काढला, तर 1973 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू लायसन्सवर राहणाऱ्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला. ‘एकदा आत शिरला की निघत नाही’ ही समजूत त्या दिवसापासून मालकांच्या दोन पिढ्यांत मुरली. आजही हजारो फ्लॅट तिच्यामुळे कुलूपबंद आहेत.

ती समजूत आज तशी खरी नाही. 31 मार्च 2000 पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 लागू झाला. त्याच्या कलम 24 प्रमाणे राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सवर दिलेल्या घराची मुदत संपली की ते सोडणे बंधनकारक आहे. सोडले नाही तर मालक दिवाणी न्यायालयाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. राहणाऱ्याला बचाव मांडायचा असेल तर समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत परवानगी मागावी लागते. लेखी करारातला मजकूर त्या कार्यवाहीत निर्णायक पुरावा धरला जातो. मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी करारातल्या शुल्काच्या दुप्पट दराने भरपाई देय असते. निकालावर अपील नाही, फक्त पुनरीक्षण आहे. प्रत्यक्षात महिने लागतात, कधी वर्षही उलटते. पण वर्षानुवर्षे चालणाऱ्या दाव्याच्या तुलनेत हा मार्ग मालकाच्या बाजूने ठामपणे उभा आहे. दुकान किंवा कार्यालय भाड्याने देणाऱ्याला मात्र हा मार्ग नाही. त्याचा वाद न्यायालयातच जातो, म्हणून त्याचा करार वकिलाकडूनच लिहून घ्यावा.

बारा वर्षे राहिला की भाडेकरू मालक होतो, हीसुद्धा अशीच रुजलेली समजूत आहे. मालकाच्या परवानगीने आत आलेल्याचा ताबा प्रतिकूल ठरत नाही. फक्त ती परवानगी कागदावर असायला हवी.

म्हणून नोंदणी. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असे महाराष्ट्रातही सर्रास सांगितले जाते. ते चूक आहे. याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 ने करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे केले आहे आणि ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. त्याहून मोठे नुकसान वेगळेच आहे. वाद झाल्यास अटी काय होत्या याबद्दल राहणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि ते खोटे आहे हे मालकाला सिद्ध करावे लागते. पाचशेच्या स्टँप पेपरवर नोटरी केलेला करार या ठिकाणी कामाला येत नाही. खर्चही फार नाही. 22 हजार भाडे, एक लाख अनामत आणि अकरा महिन्यांची मुदत असेल तर मुद्रांक शुल्क सव्वासहाशे रुपयांच्या आसपास येते आणि शहरात नोंदणी फी हजार रुपये. ऑनलाइन नोंदणीची सोय असल्याने दलाल किंवा सेवा देणारा अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो. दोन हजारांच्या आतल्या सरकारी खर्चासाठी 80 लाखांच्या घराचा ताबा जोखमीत घालणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

मुंबईतली ‘हेवी डिपॉझिट’ची पद्धत इथेच तपासून घेण्यासारखी आहे. पाच, दहा, पंधरा लाख एकरकमी घ्यायचे, भाडे घ्यायचेच नाही किंवा नावाला घ्यायचे. मालकाला व्याजाशिवाय भांडवल मिळते, राहणाऱ्याला दरमहाची कटकट नसते. व्यवहार बेकायदा नाही. बिनव्याजी अनामतीवर वर्षाला 10 टक्के व्याज धरून त्यावर मुद्रांक शुल्क घेतले जाते. अडचण मुदत संपताना येते. मालकाने ते पैसे मुलीच्या लग्नात किंवा धंद्यात घातलेले असतात, परत द्यायला नसतात. राहणारा म्हणतो, पैसे द्या, चावी देतो. तो चुकीचे बोलत नाही. मग मालक नव्या माणसाकडून आणखी मोठे डिपॉझिट शोधू लागतो आणि घर हळूहळू त्याच्या हातून निसटते. अनामत दोन-तीन महिन्यांच्या भाड्याएवढी घ्यावी आणि ती मुदत ठेवीत बाजूला ठेवावी. जो मालक अनामत खर्च करतो, त्याने घर गहाण टाकले असेच समजावे.

करारात भाड्याची तारीख, वाढीचा दर, किमान मुक्कामाचा काळ, नोटिशीचा काळ, मेंटेनन्स कोण भरणार, रंगकामाचे पैसे कोणाकडे, पोटभाड्यास मनाई, हे सगळे शब्दांत लिहावे. त्याहून दुर्लक्षित राहते ते चावी देण्याच्या दिवशीचे काम. त्या दिवशी मालक आणि राहणारा यांनी मिळून घरातून एक फेरी मारावी. वीज मीटरचा आकडा तारखेसह फोटोत घ्यावा, पाइप गॅसचाही. पंखे किती, एसी कोणत्या कंपनीचा, गीझर चालू आहे का, मोरीच्या भिंतीला ओल आहे का, खिडकीची कोणती काच तडकलेली आहे, ओट्याखालच्या दाराची बिजागरी सुटली आहे का, हे एका यादीत लिहून दोघांनी सही करावी. बहुतेक भांडणे अकराव्या महिन्यात याच बिजागरीवरून आणि रंगाच्या डागांवरून सुरू होतात, आणि यादी असली की पाच मिनिटांत मिटतात.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणे हे कळवणे आहे, परवानगी मागणे नव्हे. अनेक शहरांत ती ऑनलाइन देता येते आणि न दिल्यास गुन्हा दाखल होऊ शकतो. सोसायटीचेही तसेच. आदर्श उपविधींनुसार भाड्याने देण्याआधी सोसायटीला लेखी कळवावे लागते, पण तिची परवानगी लागत नाही. ना-भोगवटा शुल्क सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे सरकारने 2001 मध्येच ठरवून दिले. तरीही कुठे दुप्पट मेंटेनन्स लावला जातो, कुठे ‘बॅचलर नकोत’ असा ठराव होतो, कुठे आडनाव विचारून नकार दिला जातो. असा ठराव मान्य करून शांत बसणारा मालक स्वतःच्या हक्काचेही नुकसान करतो. भाडेकरू निवडताना पाहायचे ते उत्पन्नाचा पुरावा, आधीच्या घरमालकाचा अनुभव आणि ओळखपत्र. जात, धर्म किंवा जेवणाच्या ताटावरून कोणाची भाडे भरण्याची कुवत कळत नाही, आणि त्यावरून कोणाला घर नाकारणे हे माणुसकीला धरून नाही.

भाडे थकले की अनेक मालकांचा हात वीज तोडण्याकडे, पाणी बंद करण्याकडे किंवा कुलूप बदलण्याकडे जातो. तसे कधीही करू नये. जीवनावश्यक सेवा तोडण्यास भाडे कायद्यातच मनाई आहे, आणि जबरदस्तीने बाहेर काढणाऱ्या मालकावर पोलीस केस होऊन त्याची बाजू कायमची कमकुवत होते. पहिला महिना चुकला की बोलावे, दुसऱ्या महिन्यात लेखी कळवावे, अनामत संपण्याच्या आत वकिलाची नोटीस जावी. सहा महिने गप्प राहून सातव्या महिन्यात धावपळ करणे हे भाडे बुडण्याचे नेहमीचे कारण आहे. मुदत संपल्यावर जुन्याच करारावर भाडे घेत राहणेही टाळावे. नवा करार करायचा असेल तर मुदत संपण्याआधी महिनाभर त्याची तयारी सुरू करावी.

करांचे थोडक्यात. भाड्यातून मालकाने भरलेला मालमत्ता कर वजा होतो आणि उरलेल्या रकमेवर दुरुस्तीसाठी सरसकट 30 टक्के वजावट मिळते. महिन्याला 50 हजारांहून जास्त भाडे देणाऱ्या व्यक्तीने 2 टक्के कर कापायचा असतो. 50 लाख किंवा त्याहून महाग घर घेणाऱ्याने विक्रेत्याच्या रकमेतून 1 टक्का कापून भरायचा असतो. विसार म्हणून वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणे कायद्याने वर्ज्य आहे. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या घरावर जीएसटी नाही, बांधकाम चालू असलेल्यावर आहे. हे दर अर्थसंकल्पागणिक बदलू शकतात, म्हणून व्यवहाराच्या दिवशीचे दर सनदी लेखापालाकडून तपासून घ्यावेत.

अमेरिकेत, दुबईत किंवा लंडनमध्ये राहून पुण्या-ठाण्यात घर ठेवलेल्या मराठी कुटुंबांनी दोन गोष्टी पाहाव्यात. मालक अनिवासी असेल तर भाडे कितीही असले तरी कर कापण्याची जबाबदारी भाडेकरूवर येते आणि दर बराच जास्त असतो. भाडेकरूला हे माहीत नसते आणि नोटीस आल्यावर दोघांत वितुष्ट येते, म्हणून करारातच त्याचा उल्लेख असावा. दुसरे मुखत्यारपत्राचे. परदेशात केलेले मुखत्यारपत्र वकिलातीत प्रमाणित किंवा अपॉस्टिल करून, भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा लागतो. त्यात भाड्याने देणे, करार नोंदवणे आणि दावा चालवणे एवढेच अधिकार असावेत. विक्रीचा अधिकार, मुखत्यार सख्खा भाऊ असला तरी, त्या कागदात घालू नये. विकायची वेळ आली की त्या एका व्यवहारापुरते वेगळे मुखत्यारपत्र करता येते.

ज्यांचे घर आज भाड्याने दिलेले आहे, त्यांनी येत्या सुट्टीत करार काढून पाहावा. तो नोंदणीकृत नसेल किंवा त्याची मुदत उलटून गेली असेल, तर पुढच्या महिन्याचे भाडे घेण्याआधी नवा करार नोंदवावा.